मोजणाऱ्याची जागा

कवटी दोन्ही हातांनी उचलायची असते. डोळ्यांच्या खोबणीत बोटं अडकवून उचलायची नाही, आणि गालफडाच्या कमानीला धरून तर मुळीच नाही. ती कमान इतकी नाजूक असते की एकदा मोडली की कायमची गेली. टेबलावर ठेवताना खाली चुंबळ हवी. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत बुचाच्या गोल कड्या दिसतात. आमच्या प्रयोगशाळेत मामांनी जुन्या सुती लुगड्याच्या चुंबळी वळून ठेवल्या आहेत. जैविक मानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा पहिला तास मी एवढ्यावरच घालवते. उचला, ठेवा, पुन्हा उचला. वर्गाला घाई असते. कुणाला निअँडरथल हवा असतो, कुणाला डीएनए, कुणाला माणूस आफ्रिकेतून केव्हा निघाला ते. ते सगळं पुढे येणारच असतं. पण हातात काय आहे हे हाताला कळण्याआधी पुढचं शिकवण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

ही बाजू शिकवणारी माणसं मुळातच थोडी. आमच्या विभागातले ज्येष्ठ सर निवृत्त झाले तेव्हापासून त्यांची जागा रिकामी आहे. बिंदुनामावलीची तपासणी, वित्त विभागाची मान्यता, जाहिरात, मग तीही रद्द, पुन्हा नवी फाइल. मधल्या काळात त्यांचे तास तासिका तत्त्वावर येणारी मुलं घेतात. मुलं म्हणायचं इतकंच. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली, पस्तिशीकडे झुकलेली ती माणसं आहेत. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. प्रात्यक्षिकाच्या आधी येऊन हाडं मांडून ठेवण्याचे, नंतर एकेक मोजून पेटीत भरण्याचे, क्षेत्रकार्याला विद्यार्थ्यांबरोबर जाण्याचे मिळत नाहीत. साहजिकच प्रात्यक्षिक मागे पडतं आणि त्याच्या जागी पडद्यावर चित्र येतं. चित्रातली कवटी हातातून निसटायची भीती नसते, म्हणून तिला सांभाळून धरायलाही कुणी शिकत नाही. त्या मुलांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही; त्यांनी जीव तोडून शिकवताना मी पाहिलं आहे. पण ती खुर्ची कायमची भरली जायला हवी, आणि तिच्यात येऊन बसणाऱ्या माणसाच्या हाती नेमकं काय सोपवलं जाणार आहे, हे कुठे तरी मांडून ठेवावं असं मला गेले काही महिने सारखं वाटतं आहे.

वर्गातले बरेच जण स्पर्धा परीक्षेसाठी आलेले असतात. यूपीएससीला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, अभ्यासक्रम आटोपशीर आहे, गुण चांगले पडतात असा बोलबाला आहे. काही सहकाऱ्यांना हे विद्यार्थी परके वाटतात. मला वाटत नाहीत. त्यांच्यातला एखादा उद्या कुठल्या तरी आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात बसेल आणि त्याच्यापुढे कुपोषणाचे तक्ते येतील. त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणी तरी कुणाच्या तरी अंगाला लावलेली पट्टी आहे, हे त्याला ठाऊक असलेलं बरं. आकडा कसा चुकतो, कसा वाकवला जातो, कशासाठी वापरला जातो, हे शिकवायला या विषयाइतका दुसरा विषय नाही. कारण या विषयाचा स्वतःचा इतिहासच तसा आहे.

1891 साली हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानं बंगालच्या जातीजमातींवरचा आपला ग्रंथ काढला. माणसं उभी करून त्यांची नाकं मोजली होती. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर. येणारा आकडा जितका लहान तितकं नाक अरुंद, आणि नाक जितकं अरुंद तितकी जात वरची, असा नियम त्यानं मांडला. पुढे हाच गृहस्थ 1901 च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि जातींची उतरंड सरकारी कागदावर चढली. मी हे शिकवते त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या हातात कॅलिपर देते आणि एकमेकांची नाकं मोजायला लावते. नाकाच्या मुळाशी, भुवयांच्या मध्ये जी खाच लागते तिथला बिंदू शोधायचा, तिथून नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याच्या तळापर्यंत उंची. मग नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी, कॅलिपर टेकवायचा पण दाबायचा नाही. एकाच नाकाची तीन जणांनी घेतलेली मापं फळ्यावर लिहिली की खोलीत कुजबुज सुरू होते. तिन्ही वेगळी येतात. मिलिमीटरभराच्या फरकानं निर्देशांक सरकतो, आणि रिस्लेच्या हिशेबात मोजणाऱ्याच्या बोटाच्या दाबावर माणसाची पायरी बदलते.

त्या नियमाला आपल्याच माणसांनी आतून उत्तर दिलं, याचा मला फार अभिमान आहे. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. 1932 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तेच आकडे पुन्हा मांडून दाखवलं की गंगेच्या वरच्या खोऱ्याबाहेर नाक आणि जातीचा दर्जा यांचं नातं जुळतच नाही. याच घुर्यांकडे चित्पावनांवर प्रबंध लिहून एक तरुण विद्यार्थिनी 1928 मध्ये एम.ए. झाली आणि त्याच वर्षी बर्लिनला गेली.

इरावती कर्वे मराठी वाचकाला 'युगान्त'मुळे माहीत असतात, 'परिपूर्ती'तल्या वारीवरच्या लेखामुळे माहीत असतात, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणूनही माहीत असतात. त्या बर्लिनमध्ये कवट्या मोजत होत्या हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात धाडसाचं काम आहे. दालेममधल्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्या दाखल झाल्या. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांसाठी ही संस्था 1927 साली उघडली होती. संचालक ऑयगेन फिशर. या फिशरनी 1908 साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता आणि अशा लग्नसंबंधांविरुद्ध मत दिलं होतं. युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ, आणि तिची खूण कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या कमीजास्तपणात सापडेल, असा त्यांचा कयास. बाईंना विषय मिळाला तो हाच: माणसाच्या कवटीतली स्वाभाविक विषमता.

त्यांनी 149 कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय माणसांच्या होत्या आणि वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्याही. कवटीची विषमता मोजणं हे चिवट काम आहे. आधी मधली रेषा ठरवायची, आणि खरी अडचण इथेच असते, कारण कुठल्याच कवटीची मधली रेषा सरळ नसते. मग त्या रेषेपासून डाव्या बाजूचा बिंदू किती दूर, उजव्या बाजूचा तोच बिंदू किती दूर, वहीत आकडा, पुढचा बिंदू. एका कवटीला किती तरी वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात मनात असलेलं उत्तर हाताला हळूच ढकलू शकतं. मार्गदर्शकाला काय हवं आहे हे विद्यार्थ्याला माहीत असतं. पदवी त्याच्याच सहीनं मिळणार असते. परका देश, परकी भाषा, पंचविशीच्या आतलं वय, नवरा पुण्यात. आणि बाईंनी लिहिलं की कवट्यांच्या विषमतेचा आणि वंशाचा संबंध दिसत नाही. प्रबंध 1931 साली छापून निघाला.

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले, सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा आला, आणि फिशरनंतर त्याच संस्थेत ऑशविट्झच्या छळछावणीतून माणसांचे अवयव अभ्यासासाठी पाठवले गेले. हा सगळा अंधार अजून यायचा असताना एका मराठी मुलीनं त्या इमारतीत बसून, तिथलीच उपकरणं वापरून, तिथल्याच पद्धतीनं, तिथल्या संचालकाच्या कयासाविरुद्ध निकाल दिला. तिनं त्यावर भाषण केलं नाही. कवट्या नीट मोजल्या. म्हणूनच वर्गात मी बाईंविषयी बोलताना त्यांच्या धैर्याबरोबर त्यांच्या हाताच्या शिस्तीविषयीही बोलते. शिस्त ढिली असती तर धैर्य दाखवायची वेळच आली नसती, हवा तो आकडा आपोआप निघाला असता.

दुसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. 1916 च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर आपला पहिला मोठा निबंध वाचला तो मानवशास्त्राच्याच चर्चासत्रात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्यापुढे. तिथल्या विभागावर फ्रान्झ बोआसची छाप होती. याच बोआसनी त्या सुमारास अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या हजारो माणसांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजून, नव्या देशात जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण बदलते असं दाखवलं होतं. डोक्याचा आकार हा वंशाचा अढळ शिक्का मानणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. बत्तीस वर्षांनी, 1948 मध्ये, अस्पृश्य मूळचे कोण या प्रश्नावरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी एक प्रकरण वंशभेदाच्या सिद्धान्तासाठी ठेवलं आणि त्यात नाकांच्या मापांचे तेच तक्ते, घुर्यांच्या पुस्तकातून, समोर मांडले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या शास्त्राच्या आधारानं तुम्ही अस्पृश्यांना वेगळ्या वंशाचं ठरवता त्याच शास्त्राचे आकडे वाचा. एका प्रांतातला ब्राह्मण आणि त्याच प्रांतातला अस्पृश्य मापांनी एकमेकांजवळ येतात. मी हे प्रकरण दर वर्षी वर्गात वाचून घेते. आकडे कंटाळवाणे वाटणारी मुलंसुद्धा त्या दिवशी तक्त्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतात. आपल्याला कमी ठरवण्यासाठी तयार केलेला तक्ता हातात घेऊन तोच उलटा वाचून दाखवणारा माणूस त्यांच्यापुढे उभा असतो.

इरावतीबाईंचं पुढचं काम मात्र सरळसोट नाही, आणि ते तसं सांगायलाही हवं. 1939 मध्ये डेक्कन कॉलेज नव्यानं संशोधनसंस्था म्हणून सुरू झालं तेव्हा त्या तिथे आल्या आणि त्यांनी महाराष्ट्रभर माणसं मोजली. 1951 साली वि. म. दांडेकरांबरोबर काढलेला महाराष्ट्राच्या शरीरमापनाचा ग्रंथ जातवार तक्त्यांनी भरलेला आहे. बर्लिनमध्ये शिकलेली चौकट त्यांनी एका झटक्यात टाकून दिली नव्हती. पण त्याच तक्त्यांतून त्या आपल्या गुरूंच्या विरुद्धही गेल्या. जाती या एकाच मोठ्या गटाचे तुकडे होत होत बनल्या, असं घुर्ये मानत. बाईंनी महाराष्ट्रातल्या कुंभारांचे पोटभेद तपासले आणि म्हटलं की एकच धंदा आणि एकच नाव असलेले हे गट मुळात वेगवेगळे असावेत, नंतर शेजारी येऊन बसलेले. एका गुरूला बर्लिनमध्ये नाही म्हटलं, दुसऱ्याला पुण्यात. माझ्या विषयाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला एवढी मोकळीक स्वतःच्या गुरूंपासून घेता आली पाहिजे, आणि आम्हा जुन्यांपासूनही.

आता थोडं आमच्या पेटीबद्दल.

प्रत्येक जुन्या विभागात असते तशी आमच्याकडेही सागवानी पेटी आहे आणि तिच्यात एक पूर्ण सांगाडा आहे. कवटीचा वरचा भाग करवतीनं सरळ कापलेला, दोन्ही बाजूंना पितळी आकडे, जबड्याला स्प्रिंग. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला शाईनं लिहिलेला क्रमांक. ओटीपोटाच्या हाडाची खाच रुंद आहे, भुवयांच्या वरचा उंचवटा जवळजवळ नाही, कानामागचं हाड लहान. म्हणजे बहुधा बाई. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची ठेंगणी. दाढा झिजलेल्या, आणि दातांच्या मुळांशी तांबूस काळा डाग आहे तो पानसुपारीचा असावा. वही उघडली तर खरेदीची तारीख आहे, किंमत आहे, पुरवठादार कलकत्त्याचा आहे. बाई कोण हे नाही.

मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर भारत सरकारनं 1985 साली बंदी घातली. त्याआधी कित्येक दशकं जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. म्हणजे लंडनला किंवा शिकागोला ज्या हाडांवर मुलं शिकली ती बहुतेक करून आपल्याकडच्या गरिबांची, ज्यांच्या प्रेतावर हक्क सांगायला कुणी आलं नाही किंवा आलं त्याला हुसकावलं गेलं अशांची. आमच्या पेटीतली बाई देशातच राहिली एवढाच फरक. तिला काय म्हणायचं यावर विभागात मतभेद आहेत. काही जण तिला 'नमुना' म्हणतात. वहीतही तसंच लिहिलं आहे. मी वर्गात 'या बाई' म्हणते, आणि विद्यार्थ्यांनीही तसंच म्हणावं असा आग्रह धरते. काम झालं की उजवी-डावी बोटांची हाडं वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून, मोजून, यादीवर सही करून पेटी बंद करायची. एक बोट हरवलं तर त्या बाईंचं हरवलं. प्लास्टिकची उत्तम प्रतिकृती आता बाजारात मिळते आणि पहिल्या वर्षासाठी ती घ्यावी असं माझं मत आहे. पण ज्यांना पुढे उत्खननात किंवा न्यायवैद्यक कामात जायचं आहे त्यांनी खऱ्या हाडासमोर बसलंच पाहिजे, आणि बसताना ते कुणाचं होतं हा प्रश्न मनात घेऊन बसलं पाहिजे.

हाडांपेक्षाही मला दात आवडतात. हाड आयुष्यभर स्वतःला बदलत राहतं. झीज भरते, मोडलेलं सांधतं. दाताचं वरचं कवच एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. पुढच्या कायमच्या दातांचा दिसणारा भाग हिरडीच्या आत, जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत घडतो. त्या काळात मूल गंभीर आजारी पडलं किंवा त्याची उपासमार झाली तर कवच घडायचं काही काळ थांबतं आणि तिथे आडवी रेघ उमटते. मूल वाचलं, दात आला, माणूस म्हातारा होऊन मेला, तरी रेघ तिथेच. दात खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरला की ती दिसते, नख फिरवलं तर लागते. दाताच्या टोकापासून ती किती वर आहे यावरून मूल तेव्हा साधारण किती वर्षांचं होतं हेही सांगता येतं. पहिल्यांदा रेघ सापडली की विद्यार्थी एकदम गप्प होतो. मग विचारतो, "मॅडम, म्हणजे हा तेव्हा मरता मरता वाचला?" हो, बहुतेक तसंच.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, आणि घरांच्या जमिनीखाली मुलांची दफनं निघाली. दोन मातीच्या घागरी तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या आणि आत लहानग्याची हाडं. मोठ्या माणसांना गावाबाहेर नेलं नाही, मुलांनाही नाही. राहत्या घराच्या जमिनीतच ठेवलं. या सांगाड्यांवर सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी वर्षानुवर्षं काम केलं. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्या मुलांच्या वाढीचा पुन्हा अभ्यास केला आणि 2011 साली त्यावर पुस्तक लिहिलं. वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात शेती ढासळली, आणि त्या काळातल्या मुलांची हाडं वयाच्या मानानं खुरटलेली दिसतात. पाऊसपाण्याचा, पिकाचा हिशेब भांड्यांवरून आणि धान्याच्या जळक्या दाण्यांवरून लागतोच. पण तो कुणाच्या पोटाला चिमटा काढून गेला, हे मुलांच्या हाडांवरून कळतं.

खुरटलेलं मूल हा काही तीन हजार वर्षांपूर्वीचाच विषय नाही. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आढळली. म्हणून आमचं क्षेत्रकार्य मी हट्टानं अंगणवाडीत नेते. शरीरमापनाची जी हत्यारं एके काळी माणसांच्या पायऱ्या लावायला वापरली गेली, त्यांचं आजचं सगळ्यात मोठं आणि मोलाचं काम तिथे चालू आहे, आणि ते अंगणवाडीताई करते. तिच्या कामाला कुणी शास्त्र म्हणत नाही. मी म्हणते.

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी निजवून मोजायची, त्यापुढे उंची उभं करून. एकाच मुलाच्या दोन्ही मापांत सुमारे पाऊण सेंटीमीटरचा फरक पडतो, त्यामुळे गल्लत चालत नाही. निजवून मोजायला दोन माणसं लागतात. एकानं डोकं असं धरायचं की बाळाची नजर सरळ आढ्याकडे जाईल, दुसऱ्यानं गुडघे हलकेच दाबून पावलं फळीला टेकवायची. बाळ भोकाड पसरतं. आई कासावीस होते. अशा वेळी विद्यार्थी घाबरून गुडघे सोडतो आणि तेवढ्यात माप दीड सेंटीमीटरनं कमी येतं. ताईंचा हात मात्र सरावलेला असतो. त्या बाळाशी बोलत राहतात आणि मदतनीस बाईंना नुसत्या डोळ्यांनी खूण करतात.

दंडघेराची पट्टी तर आणखी हळवी वस्तू. डाव्या दंडाचा मध्य आधी शोधायचा, खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजून अर्ध्यावर खूण. हात मोकळा सोडलेला हवा. पट्टी कातडीला लागली पाहिजे, पण कातडी चिमटली जाता कामा नये. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली माप आलं तर मूल सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा मध्यम. आमची एक विद्यार्थिनी एकदा पट्टी सैल धरत होती, कारण तिला त्या मुलाला लाल रंगात टाकवत नव्हतं. मला तिची कळकळ समजली, पण त्या सैल पट्टीमुळे मूल ग्राम बाल विकास केंद्राच्या यादीतून सुटलं असतं आणि त्याचा जादा आहार हुकला असता.  गावात आकडे वाढले की वरून विचारणा होते, म्हणून पट्टी सैल धरण्याचा मोह दुसऱ्याही कारणानं होतो. दोन जणांनी एकाच मुलाचं माप घ्यायचं, एकमेकांचा आकडा न बघता, आणि फरक काढायचा, ही आमच्या प्रात्यक्षिकाची साधी रीत तिथे मुलाच्या ताटापर्यंत पोचते.

या मुलांना कुठल्या मापाशी ताडून पाहायचं, हाही प्रश्न होता. आपली मुलं मुळातच लहान चणीची, त्यांना परदेशी तक्ते लावू नका, असं पुष्कळ जण म्हणत आणि अजूनही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. अट एवढीच की आईचं दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि औषधोपचार यांची आबाळ नसावी. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. पहिल्या पाच वर्षांत सहाही देशांतली मुलं जवळजवळ सारखीच वाढली. 2006 साली प्रसिद्ध झालेले तक्ते त्यावरच बेतलेले आहेत आणि आपल्या अंगणवाडीत तेच वापरले जातात. मेळघाटातल्या बाळाची उंची कमी भरते तेव्हा 'त्यांची चणच तशी' म्हणून हात झटकायची सोय या मोजणीनं काढून घेतली. बर्लिनमधल्या कवट्यांनी जे सांगितलं, तेच नव्या पिढीच्या बाळांनी आपल्या अंगानं सांगितलं. वंशाच्या जनुकशास्त्रातही रिचर्ड लेवॉन्टिननी 1972 साली दाखवलं होतं की माणसामाणसांतला सुमारे 85 टक्के जनुकीय फरक एकाच समूहाच्या आत सापडतो. तरी माझा भर बाळांच्या तक्त्यावर असतो, कारण त्याचं पुढचं पाऊल लगेच उचलावं लागतं.

आणि फरक जिथे खरे असतात तिथे ते लपवायचेही नाहीत. सिकलसेलचा आजार नंदुरबार, गडचिरोली, अमरावती या पट्ट्यात जास्त आढळतो, त्याला कारण आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एक घटक बदललेला असतो. हा बदल आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तर माणूस वाहक होतो, सहसा धडधाकट राहतो आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला संरक्षणही मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेत हे दाखवून दिलं. मलेरियाच्या रानात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांच्या रक्तात म्हणून तो टिकला. दोन्हीकडून आला तर मात्र आजार होतो. 2023 साली केंद्र सरकारनं या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं ठरवलं. तपासणीत सापडलेल्या वाहकांना कार्ड मिळतं, आणि लग्न ठरताना ते कार्ड पुढे येतं. इथे पुन्हा तीच जुनी भीती उभी राहते, की एका आकड्यावरून, एका अक्षरावरून माणसाची किंमत ठरवली जाईल. हे काम शिकवणाऱ्याला हिमोग्लोबिनही नीट कळलं पाहिजे आणि सोयरीकही.

अक्राणीच्या डोंगरातून आलेली आमची एक विद्यार्थिनी आहे. घरी पावरी बोलतात. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी तिनं प्रबंधिकेसाठी हाच विषय घेतला आणि सुट्टीत गावी जाऊन घरोघरी समजावून सांगायचं ठरवलं. जाण्यापूर्वी माझ्याकडे आली. "मॅडम, एक चतुर्थांश शक्यता हे मी कसं सांगू? लोक म्हणतात, आम्हाला चार मुलं झाली तर एकालाच होणार ना, मग तीन वाचली." गणितातला हा घोळ मोठमोठ्यांचा होतो. आम्ही दोघींनी बसून मक्याचे दाणे घेतले, दोन वाट्या, प्रत्येकीत एक पांढरा आणि एक रंगीत दाणा. प्रत्येक वेळी दोन्ही वाट्यांतून डोळे मिटून एकेक उचलायचा आणि परत टाकायचा. प्रत्येक मुलाच्या वेळी वाट्या नव्यानं भरलेल्या.

तिकडून आल्यावर तिनं सांगितलं. दाण्यांचा खेळ सगळ्यांना कळला. तिची मोठी काकी शेवटपर्यंत बसून राहिली होती. काकीची एक मुलगी लहानपणीच गेली होती. सांधे सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, आणि घरात कायम म्हटलं जायचं की ही खोट काकीच्या माहेरची. काकीनं दोन्ही वाट्या स्वतःच्या हातात घेतल्या, दाणे पाहिले आणि विचारलं, "दोन्हीतून एकेक आल्याशिवाय होतच नाही?"

"नाही होत."

"म्हणजे त्यांच्याकडूनही आला."

"हो काकी. जितका तुझ्याकडून तितकाच काकांकडून."

त्यावर काकीनं नवऱ्याला हाक मारली आणि पुतणीला म्हणाली, आधी यांचं रक्त घे, मग माझं घे, आणि कागदावर दोघांचं शेजारी शेजारी लिही.